घरी बांधलेली ट्रायमरान: दुरुस्ती किती करावी आणि ती कशी विकावी

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. नौका-आरेखक जिम ब्राऊन यांच्या सीरनर ३१ या आराखड्यावरून १९७०च्या दशकात एका हौशी माणसाने घरच्या घरी बांधलेली प्लायवूडची ट्रायमरान, म्हणजे मधला मोठा हल (पाण्यात बसणारे नौकेचे अंग) आणि दोन बाजूंना लहान फ्लोट असलेली शिडाची नौका, आपल्याकडे आली आहे. गेली काही वर्षे ती ताडपत्रीखाली जमिनीवर उभी आहे, डेकवर (नौकेच्या वरच्या आच्छादनावर) दोन-तीन ठिकाणी पाय दबतो आणि एका फ्लोटमध्ये पाणी साचलेले आढळले आहे. ती नीट करून विकायची आहे आणि कोणत्या कामावर किती खर्च केला तर तो विक्रीत वसूल होईल, हे आपल्याला ठरवायचे आहे. लाकडी आणि बहुहल नौकांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, आणि अशा नौकांची तपासणी मी विकणाऱ्यांसाठीही केली आहे, घेणाऱ्यांसाठीही. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी हिशेबाचे बोलतो. घरी बांधलेल्या जुन्या ट्रायमरानवर केलेला सगळा खर्च विक्रीत परत येत नाही, आणि स्वतःच्या श्रमाचे मोल तर जवळजवळ कधीच मिळत नाही. तरीही काही कामे अशी असतात की ती केली नाहीत तर नौका विकलीच जात नाही. ही कामे ओळखायची एक कसोटी आहे. कारखान्यात तयार झालेल्या नौकेमागे त्या कारखान्याचे नाव असते. घरी बांधलेल्या नौकेमागे एका अनोळखी माणसाचे हात असतात. गिऱ्हाईक लाकूड आणि शिडे पाहायला येते, पण त्याच्या मनात एकच शंका असते, की ही आतून धड आहे का. ती शंका ज्या कामाने दूर होते आणि ज्या कामाचा पुरावा दाखवता येतो, त्यावर खर्च करावा. ज्या कामाने ती शंका उलट वाढते, त्यावर एक पैसाही घालू नये. जुन्या डेकवर मारलेला ताजा चकचकीत रंग हे अशा दुसऱ्या प्रकारच्या कामाचे ठळक उदाहरण आहे. जाणकार माणूस तो पाहताच खिशातून हातोडी काढतो.

या नौकांचा इतिहास थोडासा माहीत असलेला बरा, कारण किंमत त्याच्याशी जोडलेली आहे. आर्थर पायव्हर यांनी १९६० साली निंबल या प्लायवूडच्या ट्रायमरानमधून अटलांटिक महासागर पार केला आणि सामान्य सुतारकाम येणारा माणूसही महासागरी नौका बांधू शकतो, हा विश्वास जगभर पसरला. पुढे जिम ब्राऊन, नॉर्मन क्रॉस, लॉक क्राउथर अशा आरेखकांनी त्यात पुष्कळ सुधारणा केल्या. ब्राऊन यांच्या सीरनर मालिकेत मध्यभागी कॉकपिट (सुकाणू धरून बसण्याची उघडी जागा), मोठे सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात खाली सोडता येणारे उभे पाते) आणि अतिशय तपशीलवार बांधकाम-पुस्तिका होती, त्यामुळे जाणकारांमध्ये या आराखड्याला आजही मान आहे. परंतु आराखडा एकच असला तरी दोन नौका सारख्या निघत नाहीत. एकाने सागरी दर्जाचे प्लायवूड आणि कांस्याचे खिळे वापरलेले असतात, तर दुसऱ्याने इमारतीचे प्लायवूड आणि जस्ताचा मुलामा दिलेले खिळे. आराखड्याच्या नावाने गिऱ्हाईक दारापर्यंत येते. पुढे काय होईल, ते बांधणाऱ्याच्या हातावर आणि आपण आज काय करता त्यावर ठरते.

तेव्हा काम सुरू करताना दुकानात जाऊ नका. इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनचा) पिंप, रंग, नव्या हॅच (डेकवरची झाकणे), काहीही विकत घेऊ नका. आधी ताडपत्री उचलून तिच्या खाली हवा खेळेल एवढे अंतर ठेवा, सगळ्या हॅच उघडा, फ्लोटमधले पाणी काढा, आतले गादी-फळ्या-जुने दोर बाहेर काढा आणि नौकेला वाळू द्या. ताडपत्री अंगाला चिकटून असली की खाली दव साचते, आणि लाकडाला समुद्राच्या पाण्यापेक्षा दवाचे व पावसाचे गोडे पाणी कितीतरी अधिक घातक असते. कुज ही बुरशीची करणी आहे. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला वाढता येत नाही, आणि तो ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेला की ती जोमाने वाढते. फ्लोटमधल्या पाण्याची चव घेऊन पाहा असे मी सांगणार नाही, कारण जुन्या नौकेच्या तळात काय काय मिसळलेले असते याचा भरवसा नाही. पण ते पाणी थोडे एका काचेवर वाळवून पाहा. मिठाचा पांढरा थर उरला तर ते समुद्राचे, नाही तर पावसाचे. पावसाचे असेल तर ते वरून, म्हणजे डेकवरच्या एखाद्या बोल्टमधून, हॅचच्या चौकटीतून किंवा डेक आणि बाजू यांच्या सांध्यातून शिरले आहे, आणि त्याच्या वाटेवरचे लाकूड आपल्याला शोधून काढायचे आहे.

तपासणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी, एक बारीक आरी (टोचणी), धारदार पटाशी, चांगला टॉर्च, लहान आरसा, ड्रिल आणि खडू एवढे पुरे. ओलावामापक असेल तर उत्तम, मात्र खाऱ्या पाण्याने भिजलेल्या लाकडावर आणि तांबेयुक्त रंगावर तो खोटे आकडे दाखवतो, हे लक्षात ठेवा. हातोडीने हातभर अंतराच्या पट्ट्यांत सगळा पृष्ठभाग ठोकत जा. धड लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले किंवा वरचा फायबरग्लास सुटलेला भाग बद्द वाजतो. बद्द जागेभोवती खडूने रेघ ओढा. मग जिथे संशय आहे तिथे आतल्या बाजूने ३ मिलिमीटरचे छिद्र पाडा आणि बाहेर येणारा भुसा तळहातावर घ्या. धड लाकडाचा भुसा फिकट, कोरडा आणि कुरळ्या चिपांच्या रूपात येतो, आणि ड्रिलला सलग विरोध जाणवतो. कुजलेल्या लाकडाचा भुसा तपकिरी, ओलसर, बोटांत चुरगळणारा असतो, त्याला अळंबीसारखा वास येतो आणि ड्रिल एका थरानंतर अचानक आत घुसते. प्लायवूडच्या तीन थरांपैकी फक्त मधला गेलेला असणे हा नेहमीचा प्रकार आहे. वरून पाहिले तर काही कळत नाही. ही छिद्रे नंतर घट्ट केलेल्या इपॉक्सीने बुजवता येतात, त्यामुळे ती पाडताना हात आखडता घेऊ नका.

यानंतर गोंद. त्या काळात हौशी लोकांनी प्रामुख्याने तीन प्रकारचे गोंद वापरले. रिसॉर्सिनॉलची रेघ गडद, लालसर-जांभळट तपकिरी दिसते आणि तो गोंद दीर्घकाळ टिकतो. पाण्यात कालवून वापरायचा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद फिकट तपकिरी, ठिसूळ असतो आणि ओलाव्यात वर्षानुवर्षे राहिल्यावर हार मानतो. इपॉक्सी मधाच्या रंगाचा असतो. रंगावरून अंदाज बांधा, पण निर्णय घेऊ नका. आतल्या एखाद्या कमी महत्त्वाच्या जागी, जसे कपाटाच्या मागची पट्टी, पटाशी घालून सांधा उकला. लाकडाचे तंतू फाटून गोंदाला चिकटलेले राहिले तर गोंद लाकडापेक्षा बळकट आहे. सांधा गोंदाच्या रेघेवर स्वच्छ सुटला आणि दोन्ही बाजू गुळगुळीत निघाल्या, तर गोंद गेलेला आहे. अशा तीन-चार वेगवेगळ्या जागा पाहा. सगळीकडे स्वच्छ सुटत असेल तर तो प्रश्न एका डागापुरता उरत नाही. मग संपूर्ण नौकेचाच फेरविचार करावा लागतो.

ट्रायमरानच्या बाबतीत खरी कळीची जागा म्हणजे मधला हल आणि दोन फ्लोट यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया. एकहल नौकेत अशा ठिकाणी काहीच नसते, म्हणून ज्याने फक्त एकहल नौका पाहिल्या आहेत, त्याचे तिकडे लक्ष जात नाही. लाट एका फ्लोटला उचलते, डोलकाठीच्या तारा दुसऱ्या बाजूला ओढतात, आणि हे पिळणे प्रवासात लाखो वेळा घडते. १९६८-६९ च्या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत नायजेल टेटली पायव्हर यांच्या व्हिक्ट्रेस आराखड्याच्या ट्रायमरानमधून उतरले होते. पृथ्वीला वळसा घालून ते अटलांटिकमध्ये परतले, पण झिजलेल्या नौकेवर वेगाचा ताण पडत गेला आणि मे १९६९ मध्ये अॅझोर्स बेटांच्या परिसरात वादळात ती मोडून बुडाली. आपली नौका दुसऱ्या आराखड्याची आणि अधिक विचारपूर्वक आखलेली आहे, तरी या जोडांकडे त्याच गांभीर्याने पाहा.

तुळया पंखांच्या, म्हणजे मधला हल आणि फ्लोट यांच्यामधल्या डेकच्या भागांच्या, आत बंद असतील तर प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांजवळ, जोड दिसेल अशा ठिकाणी, हाताचा पंजा जाईल एवढे गोल भोक पाडा. भोक तुळईच्या अंगावर नको, तिच्या शेजारच्या पटलात हवे. नंतर त्यात फिरवून बंद होणारे तपासणी-झाकण बसवा. ही झाकणे पुढे विक्रीच्या दिवशी सोन्याच्या मोलाची ठरतात, कारण गिऱ्हाइकाला आपला शब्द नको असतो, त्याला स्वतः हात घालून पाहायचे असते. बाहेरून पाहताना पंखाच्या खालचा भाग मधल्या हलला जिथे मिळतो, ती रेघ निरखा. रंगात केसासारखी सरळ तडा असेल, तर नौका फक्त मधल्या हलच्या आधारावर ठेवून फ्लोटच्या टोकाखाली जॅक लावा आणि सावकाश उचला; भार बदलताना ती तडा उघडझाप करते का, हे दुसऱ्या माणसाला पाहायला सांगा. तडा स्थिर राहिली तर ती रंगाची आहे. हलली तर जोड ढिला झाला आहे, आणि बाकी सगळे सोडून आधी तो उघडावा लागेल.

दुसरी अवघड जागा म्हणजे सेंटरबोर्डची पेटी. ती नौकेच्या ऐन मध्यात, कायम ओली आणि आतून रंग न पोचणारी असते. जमिनीवर उभ्या नौकेचे सेंटरबोर्ड पूर्ण खाली जात नाही, म्हणून बहुतेक तपासण्या तिथेच थांबतात. क्रेनने नौका उचलायची वेळ येईल तेव्हा बोर्ड खाली सोडून, त्याचा खिळा काढून, पेटीच्या आतल्या भिंती आणि तळाच्या कडा आरीने टोचून पाहिल्याखेरीज तिला पुन्हा खाली ठेवू नका. क्रेनचे भाडे एकदाच भरायचे असेल तर त्याच वेळी क्रेनच्या हुकाला वजनकाटा लावून नौकेचे वजनही करून घ्या. त्याचे कारण पुढे येईल.

तपासणी संपली की एक कोरा कागद घ्या, वरून दिसणारा नौकेचा आराखडा काढा आणि सगळे खडूचे डाग त्यावर उतरवा. आता निर्णयाची वेळ आहे, आणि इथे मी स्पष्ट बोलतो. कुज डेकवरच्या फिटिंगांभोवती, हॅचच्या कोपऱ्यांत, फ्लोटच्या डेकच्या कडेला अशी सुटी सुटी असेल, तुळया, त्यांना धरणाऱ्या मुख्य बल्कहेड (हलच्या आतल्या आडव्या भिंती) आणि सेंटरबोर्डची पेटी धड असतील, तर नौका दुरुस्त करण्यासारखी आहे. दोन किंवा अधिक तुळयांची मुळे कुजली असतील किंवा गोंद सर्वत्र सुटत असेल, तर ती विकण्यासाठी दुरुस्त करू नका. स्वतःला त्या कामाचा ध्यास असेल, स्वतःच्या प्रवासासाठी हवी असेल, तर गोष्ट वेगळी. पण विक्रीच्या हिशेबात ते कधीही बसत नाही. तेव्हा डोलकाठी, शिडे, विंच, नांगर, साखळी, इंजिन वेगवेगळे विकावेत आणि सांगाडा नियमानुसार मोडीत काढावा. तो फुकटात कोणा अननुभवी उत्साही माणसाच्या गळ्यात मारू नये. त्या तुळया समुद्रात मोडल्या तर त्यावर माणसे असतील.

दुरुस्तीजोगी असेल, तर पुढचे काम चिकाटीचे आहे, अवघड नाही. कुजलेले लाकूड कापून काढायचे आणि दिसणाऱ्या कुजीच्या पलीकडे निदान वीतभर धड लाकूड लागेपर्यंत कापत जायचे, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या पुढे गेलेले असतात. कुजलेल्या लाकडात पातळ रेझिन मुरवून ते 'पुन्हा दगडासारखे' करण्याची उत्पादने मिळतात. भार वाहणाऱ्या जागी ती वापरू नका. ते लाकूड कडक होते, पण तंतू मेलेले असल्याने बळ परत येत नाही, आणि पुढचा सर्व्हेयर (नौका तपासणारा तज्ज्ञ) ते ओळखतो. नवा प्लायवूड जुन्याला जोडताना तिरका सांधा जाडीच्या आठपट लांबीचा करावा, म्हणजे ९ मिलिमीटर प्लायवूडला ७२ मिलिमीटरचा उतार. आतून हात पोचत असेल तर मागे पट्टी लावून समोरासमोर सांधाही चालतो, मात्र वजन थोडे वाढते. सांध्यात आधी नुसते इपॉक्सी चोळून लाकडाला पिऊ द्या, मग सिलिकाने घट्ट केलेले लावा. पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी केवळ पृष्ठभाग सपाट करण्यासाठी असते. सांध्यात ती घालू नका.

जुन्या पॉलिएस्टर रेझिनचा लाकडावरचा पकड मुळातच दुबळा असतो, म्हणून अशा नौकांवरचा फायबरग्लास जागोजागी सुटून त्याखाली पाणी खेळते. जिथे तो बद्द वाजतो तिथे उष्ण हवेच्या बंदुकीने तापवून ओढला तर मोठमोठे पापुद्रे निघतात. जिथे घट्ट आहे तिथे त्याला हात लावू नका. नवा थर इपॉक्सीचाच द्या, कारण इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला नीट धरते, पण पॉलिएस्टर इपॉक्सीला धरत नाही. इपॉक्सी सुकल्यावर काही प्रकारांत वर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत कापडाने धुवायचा, मगच पॉलिश पेपर मारायचा. क्रम उलटला तर तो थर रेघांत भरतो आणि पुढचा रंग सुटतो. डेकवरचे प्रत्येक फिटिंग काढून त्याचे भोक मोठे करा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा आणि मग त्या इपॉक्सीतून बोल्टच्या मापाचे नवे भोक पाडा. पुढे सीलंट म्हातारे झाले आणि पाणी शिरले तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही. हे कंटाळवाणे काम आहे, आणि माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीतले सर्वांत किफायतशीर.

यात आरोग्याची काळजी घ्या. इपॉक्सीची त्वचेला एकदा अॅलर्जी जडली की ती सहसा जन्माची असते, म्हणून हातमोजे प्रत्येक वेळी. तळावरच्या रंगाबद्दल तर विशेष सावध राहा. २००१ साली स्वीकारलेल्या आणि २००८ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ट्रायब्युटिल टिन (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून घातले जाणारे विषारी संयुग) असलेल्या रंगांवर बंदी आणली. आपली नौका त्यापूर्वीची असल्याने खालच्या थरांत तो असू शकतो. तो कोरडा घासू नका. ओले करून खरवडा, चांगला मास्क वापरा आणि पडलेला गाळ गोळा करून धोकादायक कचरा म्हणूनच द्या.

आता वजनाचे कारण. ट्रायमरानला समतोलासाठी तळाशी शिसे नसते, तिची सगळी चाल हलकेपणावर अवलंबून असते, आणि घरी बांधलेल्या नौकांचा सर्वांत सामान्य दोष म्हणजे बांधणाऱ्याच्या कळकळीने वाढलेले वजन. पाण्याच्या पातळीवर मधल्या हलचा छेद समजा ६ चौरस मीटर असेल, तर तिला एक सेंटिमीटर खाली बुडवायला साधारण ६१ किलो पुरतात. आराखड्यातल्या रेघेपेक्षा ती पाच सेंटिमीटर खाली बसत असेल, तर तीनशे किलो जास्तीचे आहेत. एवढ्याने पंखांची खालची बाजू लाटांवर आपटू लागते आणि तुळयांवरचा ताण वाढतो. म्हणून कापून काढलेले लाकूड आणि नव्याने घातलेले लाकूड व रेझिन दोन्ही तोलून वहीत लिहा. जुन्या तारा, निकामी टाक्या, कधी न वापरलेले फर्निचर बिनदिक्कत काढा. वजनाची पावती विक्रीच्या वेळी पुढे ठेवली की जाणकार गिऱ्हाइकाचा चेहरा बदलतो, कारण अशी पावती फार थोड्या विक्रेत्यांकडे असते.

डोलकाठीच्या तारांबद्दल थोडक्यात सांगतो. त्या दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या असतील किंवा त्यांचे वय सांगता येत नसेल, तर बदलाव्या लागतील. आपण बदलल्या नाहीत तर गिऱ्हाईक तो खर्च किमतीतून वजा करेल, आणि ते दोघांनाही चालण्यासारखे आहे. चेनप्लेट (त्या तारा नौकेला जिथे जोडतात त्या धातूच्या पट्ट्या) मात्र काढून पाहायच्याच. स्टेनलेस स्टील ओल्या लाकडात, हवा न लागता दडलेले असले की आतल्या आत खड्डे पडून सडते आणि बाहेरचा भाग लखलखीत राहतो. शिडांना खर्च करू नका. धुऊन, मोजमाप घेऊन, उघडी पसरलेली छायाचित्रे काढा. इंजिन चालू होते हे दाखवता आले की पुरे.

शेवटचा रंग साधा, एकाच डब्यातला (दोन भाग मिसळावे न लागणारा), पांढरा किंवा अगदी फिकट असावा. नेहमीच्या तापमानाला सुकवलेले इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास नरम पडू लागते, आणि गडद रंगाचा डेक कडक उन्हात तेवढा सहज तापतो. तुळयांच्या जोडांवर, आतल्या बाजूला, रंगाऐवजी पारदर्शक इपॉक्सी तसेच ठेवा. कुजीला लपायला जागा उरत नाही आणि दुरुस्तीचा सांधा नजरेसमोर राहतो.

विक्रीचा कागदोपत्री भाग आजच सुरू करा, कारण त्याला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. मूळ बांधणाऱ्याने विकत घेतलेल्या आराखड्याचा क्रमांक, साहित्याच्या पावत्या, बांधकामाची छायाचित्रे, आधीच्या खरेदी-विक्रीचे कागद, नोंदणी, जे मिळेल ते गोळा करा. बांधणारे गृहस्थ किंवा त्यांचे कुटुंबीय हयात असतील तर त्यांच्याशी बोला. गोंद कोणता आणि प्लायवूड कुठले हे त्यांच्याकडून लेखी मिळाले तर त्याची किंमत मोठी आहे. नियम देशागणिक वेगळे आहेत. उदाहरणार्थ, युरोपीय संघात स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या नौकेला प्रमाणपत्रातून सूट असते, पण ती वापरात आल्यापासून पाच वर्षांच्या आत बाजारात आणली तर ती सूट जाते. आपली नौका जुनी असल्याने ही अडचण येऊ नये, तरी आपल्या आणि संभाव्य गिऱ्हाइकाच्या देशातला नोंदणीचा आणि विम्याचा नियम आधी विचारून ठेवा. जुन्या, लाकडी, घरी बांधलेल्या बहुहल नौकेला विमा देताना कंपन्या कां-कूं करतात, आणि बंदरात जागा मिळण्यासाठी पुष्कळदा विमा लागतो. याच दाराशी अनेक सौदे अडतात.

किंमत ठरवताना खर्चाची बेरीज बाजूला ठेवा. खालची मर्यादा म्हणजे सुटे सामान विकून येणारी रक्कम, त्यातून सांगाडा मोडीत काढण्याचा खर्च वजा. वरची मर्यादा म्हणजे त्याच आराखड्याच्या, पाण्यात असलेल्या आणि चालत्या नौका प्रत्यक्षात ज्या रकमेला गेल्या ती; जाहिरातीत मागितलेली रक्कम धरू नका. जमिनीवरची नौका आणि पाण्यात शिडे चढवून उभी असलेली नौका यांच्या किमतीत जो फरक पडतो, तो दुरुस्तीच्या कोणत्याही एका कामाने पडत नाही. शक्य असेल तर तिला पाण्यात उतरवा, थोडे दिवस चालवा आणि मगच दाखवा. नांगरावर उभी असताना आडवी समतोल राहून दोन्ही फ्लोट पाण्याला जेमतेम टेकत असतील, तर ते छायाचित्र जाहिरातीत सर्वांत वर घाला.

जाहिरातीत दोष लिहा. 'डेकचे चार भाग बदलले, त्यांची उघड्या अवस्थेतली छायाचित्रे उपलब्ध; डाव्या फ्लोटच्या मागच्या टोकाला जुना फायबरग्लास सुटलेला, लाकूड धड; तारा बदलायला हव्यात' अशी वाक्ये वाचून फोन कमी येतील, पण जे येतील ते खरे गिऱ्हाईक असेल. अठरा फुटांहून अधिक रुंदीची नौका रस्त्याने नेणे फार कटकटीचे आणि खर्चाचे असते, त्यामुळे ती सध्या कुठे आहे, पाण्यापासून किती अंतरावर आहे आणि फ्लोट सुटे होतात की नाही, हे पहिल्या चार ओळींत यायला हवे.

पाहायला आलेल्या माणसाला हातोडी द्या आणि बाजूला उभे राहा. तपासणी-झाकणे आधीच उघडून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी कापलेल्या लाकडाचे दोन-तीन तुकडे जपून ठेवले असतील तर दाखवा. कुज कुठे थांबली आणि धड लाकूड कुठे सुरू झाले, हे त्यात दिसते. सर्व्हेयर गिऱ्हाइकाने निवडावा, खर्चही त्याचा, मात्र लाकूड आणि बहुहल या दोन्हींची जाण असलेला माणूस त्याने शोधावा, असा आग्रह धरा. ज्याला तुळयांचे काम कळत नाही, तो सर्व्हेयर घाबरून सगळ्यालाच नकार देतो किंवा काहीच न पाहता होकार देतो.

बयाणा घेताना तो कशावर परत मिळेल हे लिहून द्या: जमिनीवरची तपासणी आणि समुद्रातली चाचणी, या क्रमाने. करारात 'आहे त्या स्थितीत' हे शब्द असले तरी माहीत असलेला दोष लपवल्याची जबाबदारी त्याने टळते असे समजू नका. माहीत असलेल्या दोषांची यादी कराराला जोडा आणि दोघांच्या सह्या घ्या. चाचणीच्या दिवशी वारा मध्यम असू द्या. चाचणीपूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा, गिऱ्हाइकासमोर फ्लोटच्या तळाशी कोरडे कापड फिरवून दाखवा, कारण तिथे पाणी साचले होते हे तुम्ही त्याला सांगितलेले असेल.

आपल्या बाबतीत पहिली पायरी ठरलेली आहे: ज्या फ्लोटमध्ये पाणी सापडले, त्याच्या डेकवरची सगळी फिटिंग या आठवड्यात काढा आणि प्रत्येक भोकाच्या कडेला आरी टोचून पाहा. त्या फ्लोटच्या बाजूच्या तुळयांची टोके त्यानंतर लगेच. तिथले लाकूड धड निघाले तर आराखड्यावरच्या डागांचा कागद आणि भुशाची छायाचित्रे पाठवा, म्हणजे डेकच्या दबणाऱ्या भागांपैकी कोणता आधी उघडायचा, तो क्रम आपल्याला ठरवता येईल.